अधूनमधून लागणारी करवत

परसातली निलगिरी कोसळली तेव्हा विमाकाका वर्तमानपत्र वाचत होते. धडाड्कन आवाज झाला, टेबलावरचा चहा बशीत सांडला, आणि काका जागचे न हलता ओरडले, "काय पाडलंस गं?" घरात काही पडलं की ते बायकोनेच पाडलेलं असतं, हा त्यांच्या संसारातला सगळ्यात जुना निष्कर्ष होता. काकूंनी मागचं दार सताड उघडलं आणि त्या बाजूला झाल्या. एवढं झाड आपल्या बायकोला एकटीला पाडता येणार नाही, हे काकांनी थोडा वेळ बघून मान्य केलं.

विमाकाका हे त्यांचं गल्लीने ठेवलेलं नाव. ते एका विमा कंपनीत अपघाताचे दावे तपासायचे. माणूस आपला कुठला अवयव कुठल्या यंत्रात घालू शकतो, याविषयी त्यांच्याइतकं ज्ञान पंचक्रोशीत कुणाकडे नव्हतं. मिक्सर, शिडी, इस्त्री, घडीची खुर्ची, या सगळ्यांकडे ते संशयाने बघायचे. घरातली घडीची खुर्ची तर त्यांनी कायमची उघडून दोरीने बांधून टाकली होती. अशा माणसाच्या परसात झाड पडावं, म्हणजे नशिबालाही काही विनोदबुद्धी असावी असं वाटतं.

काका मुळांचा खड्डा बघत होते, पण काकूंना त्या झाडात दिसली ती मागची खोली. त्या खोलीत एक लोखंडी शेगडी होती, छपरातून वर गेलेल्या धुराड्यासकट, आणि ती कित्येक वर्षांत पेटली नव्हती. गाव डोंगरातलं, थंडी हाडात शिरणारी. काकूंची आई म्हातारी, दम्याची. ती दरवर्षी हिवाळाभर मुलाकडे राहायची, कारण मुलाच्या घरी प्रत्येक खोलीत बटण दाबलं की ऊब यायची. लग्न झाल्यापासून आई एकदाही थंडीत लेकीकडे राहिलेली नव्हती. पाहुणी म्हणून यायची, दोन दिवस गप्पा व्हायच्या, तिसऱ्या दिवशी मुलाची गाडी दारात.

"अहो," काकू म्हणाल्या, "एवढ्या लाकडात आईचा अख्खा हिवाळा निघेल."

"निघेल की," काका म्हणाले.

"मग उद्याच एखादा लाकूडतोड्या बोलवा. दुपारभरात तुकडे करून देईल. उन्हाळा आहे तोवर वाळतील."

इथे काकांनी ते ऐतिहासिक वाक्य उच्चारलं. "एवढ्याशा कामाला माणूस कशाला? आपणच एक करवत घेऊ. साधी, स्वस्तातली. अधूनमधून लागते." काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. काकांनी आजवर भिंतीत ठोकलेला एकमेव खिळा अजून तिरका होता आणि त्यावर कॅलेंडर कायम घसरलेल्या अवस्थेत लटकायचं. पण नवरा स्वतःहून काही करतो म्हणतोय, तेही आपल्या आईसाठी, तेव्हा मोडता कशाला घाला, असं त्यांना वाटलं असावं. त्या काही बोलल्या नाहीत, आणि काकांनी ती संमती धरली.

काकांची काम करण्याची एक पद्धत होती. दावा मंजूर करायचा तर चार खात्यांचं मत आलं पाहिजे, हा ऑफिसचा नियम त्यांनी घरी लागू केला होता. सोफ्याचं कापड गल्लीला विचारून घेतलं होतं. मुलीचं कॉलेज गल्लीने ठरवलं होतं. कुठलीही गोष्ट स्वतःच्या एकट्याच्या डोक्याने करणं काकांना उघड्या वायरला हात लावण्यासारखं वाटायचं. उद्या काही बिघडलंच, तर निदान "सगळ्यांना विचारून केलं होतं" असं म्हणता आलं पाहिजे.

तेव्हा त्याच संध्याकाळी शेजारच्या दातवाल्या डॉक्टरांच्या पायरीवर बैठक बसली. गल्ली समितीचे सेक्रेटरी होते, स्वतः डॉक्टर होते, आणि व्हिडिओमामा होते. व्हिडिओमामांनी जगातली प्रत्येक गोष्ट मोबाइलवर बघितलेली होती आणि एकही गोष्ट केलेली नव्हती. विहीर खणणं, विमान उतरवणं, गाईची प्रसूती, सगळं त्यांना तोंडपाठ.

"पेट्रोलवरचीच घ्या," मामा म्हणाले. "बाकी सगळी खेळणी."

"पेट्रोलची?" डॉक्टर म्हणाले. "अहो, तिचा आवाज ऐकलाय का? माझे पेशंट आधीच घाबरलेले असतात. विजेवरची घ्या. माझं मशीनही विजेवरच चालतं. कधी कटकट नाही."

"पेशंटला असते ना ती कटकट," मामा म्हणाले.

सेक्रेटरींनी बॅटरीवरची सुचवली. त्यांना यंत्रातलं काहीच कळत नव्हतं, पण दोन मतं आली की तिसरं आपण द्यायचं असतं, ही त्यांची पदामुळे आलेली जबाबदारी होती. जाता जाता ते म्हणाले, "आणि हो, पालिकेची परवानगी घेतली का? झाड आहे म्हटलं."

काका पालिकेत गेले. तिथल्या खिडकीतल्या बाईंनी त्यांना सांगितलं की परवानगी उभं झाड तोडायला लागते. आडव्या झाडाला लागत नाही. काका खुश होऊन वळले, तेवढ्यात बाईंनी हाक मारली. "पण ते आपोआप पडलंय हे कशावरून?"

"आपोआपच पडलंय. मी घरी होतो."

"म्हणजे झाड पडलं तेव्हा तुम्ही तिथे हजर होता."

"हजर म्हणजे... पेपर वाचत होतो."

"पाडलेलं झाडही असंच आडवं दिसतं," बाई म्हणाल्या. "साहेब येऊन बघतील. तोवर हात लावू नका." काका स्वतः ऑफिसात रोज अपघातग्रस्तांना हाच प्रश्न विचारायचे, पण तो ऐकायला असा लागतो हे त्यांना आजवर माहीत नव्हतं. साहेब रजेवर होते, मग निवडणुकीच्या कामावर, मग त्यांचीच बदली झाली. नवे साहेब आले तेव्हा उन्हाळा निम्मा सरला होता. त्यांनी मुळांकडे बघितलं, "पडलंय," असं म्हटलं, चहा प्यायले आणि गेले.

आता करवत. बाजारपेठेतल्या हत्यारांच्या दुकानात काका पहिल्यांदा गेले तेव्हा विक्रेत्याने सरळ विचारलं, "किती वापर आहे?"

"अधूनमधून."

"म्हणजे महिन्यातून? आठवड्यातून?"

"तसं नाही. एक झाड आहे."

"आणि नंतर?"

काकांनी नंतरचा विचारच केलेला नव्हता. आपल्याकडे दुसरं झाड नाही, हे कबूल करताना त्यांना उगाच कमीपणा वाटला. "नंतर बघू," ते म्हणाले, जसं काही पुढेमागे जंगल घ्यायचा विचार आहे. विक्रेत्याने त्यांच्यापुढे करवती मांडल्या. पेट्रोलवरची दमदार, पण अधूनमधून वापरली तर आतलं पेट्रोल चिकट होऊन बसतं आणि ऐन वेळी सुरू होत नाही. बॅटरीवरची सुटसुटीत, पण तिच्या एकट्या बॅटरीचीच किंमत ऐकून काकांनी करवत परत ठेवली. विजेवरची स्वस्त, पण तिला शेपटीसारखी वायर. शिवाय पातं लांब घ्यावं की आखूड, हा वेगळाच वाद. लांब पात्याने मोठा बुंधा एका दमात कापला जातो, पण ते हातातून उसळलं तर... काकांना "उसळलं तर" एवढंच पुरलं. उसळलेल्या करवतीचे दावे त्यांनी स्वतःच्या हाताने मंजूर केले होते, फोटोंसकट.

त्यामुळे त्यांनी त्या दिवशी करवत घेतलीच नाही. घेतलं काय, तर जाळीची टोपी, कान झाकायचे गोळे, दोन थरांचे हातमोजे, पुढे लोखंडी टोकाचे बूट आणि मांड्यांवर बांधायचं जाडजूड कातडी आवरण. घरी येऊन त्यांनी हा सगळा सरंजाम चढवला आणि काकूंपुढे उभे राहिले.

"करवत कुठाय?" काकूंनी विचारलं.

काकांना काहीच ऐकू आलं नाही, कारण कानांवर गोळे होते. काकूंनी हाताने करवतीची खूण केली. काकांनी हाताने "पुढच्या महिन्यात" अशी खूण केली. करवतीसाठी बाजूला ठेवलेले बहुतेक पैसे बचावातच गेले होते. अपघात टाळण्याच्या बाबतीत मात्र काका गावात अव्वल होते. झाड परसात जसंच्या तसं होतं आणि त्यावर आता शेजारची मांजर ऊन खात झोपायची.

पायरीवरच्या बैठका चालूच राहिल्या. हळूहळू करवत काकांची न राहता गल्लीची झाली. व्हिडिओमामा रोज एक नवा व्हिडिओ आणायचे, आणि प्रत्येक व्हिडिओतला गोरा, दाढीवाला माणूस आदल्या दिवशीच्या करवतीला शिव्या घालायचा. काका दुकानात आणखी दोनदा जाऊन रिकाम्या हाताने परत आले. विक्रेता आता त्यांना लांबूनच ओळखायला लागला होता आणि ओळखून मागच्या खोलीत जायला लागला होता. काकूंनी एकदा तेवढ्यात तेवढं विचारून घेतलं, "लाकूडतोड्याला सांगू का?" काका दुखावले. "एवढा अभ्यास केलाय," ते म्हणाले, "आणि आता माणूस?"

शेवटी, पावसाळाही सरल्यावर, स्वस्त म्हणून विजेवरचीच आली, सगळ्यात लहान पात्याची. ती घेतल्याचं कळताच मामांनी दोन दिवस अबोला धरला. पण पहिल्या रविवारी करवत चालू होणार म्हटल्यावर तेच सगळ्यांत आधी कुंपणावर येऊन टेकले. करवतीची वायर परसाच्या निम्म्यापर्यंतही पोचेना. मग गल्लीतल्या झाडून सगळ्या एक्स्टेन्शन वायरी गोळा झाल्या. एक इस्त्रीची, एक लग्नाच्या रोषणाईची, एक सेक्रेटरींच्या पाण्याच्या मोटरची. एकात एक खोचत खोचत ती माळ मागच्या दारातून झाडापर्यंत गेली. काकांनी टोपी चढवली, कान झाकले, मांड्या बांधल्या, आणि कळ दाबली.

करवत एकदाच गुरगुरली. मग मीटरपाशी फट् झालं आणि अर्ध्या गल्लीची वीज गेली.

थोड्या वेळाने शेजारच्या फाटकातून डॉक्टर बाहेर आले, हातात ते बंद पडलेलं दाताचं मशीन. त्यांच्या मागून गळ्याला रुमाल बांधलेला एक पेशंट आला, तोंड उघडंच, एका दाढेला अर्धं भोक पाडलेलं. तोंड मिटायला डॉक्टरांनी मनाई केली होती. तो तसाच कुंपणाशी उभा राहिला आणि काहीतरी बोलला. मामांनी त्याचा अर्थ असा सांगितला की पेट्रोलवरची घ्यायला हवी होती.

त्यानंतर डॉक्टर बोलायचे बंद झाले. सेक्रेटरींनी समितीची सभा बोलावली आणि त्यात एकमताने ठरलं की करवत फक्त कामाच्या दिवशी दुपारी चालवावी, कारण तेव्हा सगळे कामावर असतात, कुणाला त्रास होत नाही. कामावर काकाही असतात, हा मुद्दा मांडायला काका उभे राहिले, पण तोवर लोक चपला शोधायला लागले होते. मग काकांनी जाड, धड अशी एक लांब वायर विकत घेतली आणि ऑफिसात रजा मागितली.

"कशासाठी?" साहेबांनी विचारलं.

"लाकूड तोडायला."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "घरी सगळं ठीक आहे ना?" त्यांनी हळू आवाजात विचारलं, आणि रजा जास्तीची दिली. काका केबिनबाहेर आले तेव्हा त्यांना रडावंसं वाटत होतं. इतकी वर्षं या माणसाने त्यांना मुलीच्या आजारपणासाठी अर्धा दिवस सोडलं नव्हतं.

रजेच्या पहिल्या दुपारी वीज टिकली. करवत फिरली, झाडाला टेकली, आणि धूर निघाला. काकांनी जोर दिला, आणखी धूर निघाला. बुंधा कापला जाण्याऐवजी तिथे एक छान तुकतुकीत, काळपट पट्टा उमटला. "गरम होते सुरुवातीला," मामा कुंपणावरून म्हणाले. (मामांना कामधंदा काय होता, हे गल्लीला शेवटपर्यंत कळलं नाही.) काकांनी तीन दुपारी तो बुंधा पॉलिश केला. खांदे आखडले, हाताला फोड आले, जेवताना घास तोंडापर्यंत जाईना. काकू गरम पाण्याची पिशवी घेऊन शेजारी बसायच्या आणि एक शब्द बोलायच्या नाहीत. त्यांचं ते न बोलणं काकांना फोडांपेक्षा जास्त झोंबायचं. आपण एक साधी गोष्ट हातात घेतली, बायकोच्या आईसाठी घेतली, आणि तीही आपल्याला जमू नये, या विचाराने त्यांना झोप लागेना.

चौथ्या दुपारी जळक्या वासाने वैतागून डॉक्टर तणतणत आले. भांडायलाच आले होते. पण करवतीच्या साखळीवर नजर गेली आणि त्यांचा चेहराच बदलला. ते खाली वाकले, खिशातून आपला तो छोटा आरसा काढला आणि साखळी तपासायला लागले.

"अहो," ते म्हणाले, "दात उलटे आहेत."

"काय?"

"साखळी उलटी चढवलीये तुम्ही. सगळे दात मागे तोंड करून. हे चावणार कसे?" त्यांच्या आवाजात राग उरला नव्हता, उरली होती ती निव्वळ धंद्याची हळहळ. त्यांनी स्वतः साखळी काढून सुलटी बसवली, वर करवतीला चूळ भरायला लावावी तसं तेलही पाजलं. मामा म्हणाले, "मला तेच वाटत होतं." काकांनी त्यांच्याकडे बघायचंही टाळलं.

पुढचं काम दोन दुपारांत उरकलं. झाड इतकं मुकाट्याने कापलं गेलं की काकांना जवळपास अपमान वाटला. सरपणाची रास मागच्या भिंतीला लागली, निलगिरीचा वास घरभर पसरला, आणि काकूंनी त्या राशीसमोर उभं राहून आईला फोन लावला. "ये तू. सगळी सोय झालीये," त्या म्हणाल्या. "हो, यांनीच केलं. स्वतः." काका आत बसून ते "स्वतः" ऐकत होते. छाती फुगवायला गेले तर बरगडीत चमक भरली, पण तरी फुगवली.

सासूबाई आल्या तेव्हा थंडी नुकतीच पडायला लागली होती. मेहुणा त्यांना गाडीने सोडायला आला. त्याने शेगडीकडे बघितलं, धुराड्याकडे बघितलं, आणि खिशात हात घालून म्हणाला, "छान आहे हं भावोजी. जुन्या काळातलं." काकांनी त्याला उत्तर म्हणून शेगडी पेटवायचं ठरवलं.

शेगडी पेटली नाही. म्हणजे कागद पेटला, काड्या पेटल्या, पण लाकूड सूं सूं करत बसलं आणि त्याच्या दोन्ही टोकांतून पाण्याचा फेस यायला लागला. मग धूर आला. आधी थोडा, मग खोली भरून. काल-परवा कापलेलं ओलं लाकूड होतं ते. पडल्यावर लगेच कापून रचलं असतं तर उन्हाळ्यात वाळलं असतं, हे काकूंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तो उन्हाळा पायरीवरच्या बैठकांत गेला होता.

मेहुणा डोळे पुसत निघून गेला. पण सासूबाई राहिल्या. खोकत होत्या, पण राहिल्या. मग गल्ली धावून आली. कुणी सांगितलं, खिडकी उघडा. खिडकी उघडली तशी होती तीही ऊब पळाली. कुणी सांगितलं, धुराडं चोंदलं असेल. काकांनी काठी घातली तशी वर्षानुवर्षांची काजळी भसकन खाली येऊन सासूबाईंच्या पांढऱ्या शालीवर बसली. मामांनी लाकडं ओव्हनमध्ये वाळवायचा व्हिडिओ दाखवला. काकूंनी ओव्हनसमोर उभं राहून फक्त नकारार्थी मान हलवली.

शेवटी मायलेकींनी मागची खोली सोडून स्वयंपाकघरात बैठक टाकली. दोन गोधड्या, एक पांघरूण, गॅसवर चहाचं भांडं. आत धूर कमी यायचा. सासूबाई खोकायच्या, खोकता खोकता कुठल्या तरी जुन्या नातेवाइकाची नक्कल करायच्या, मग काकू हसायच्या, मग हसून हसून दोघीही खोकायच्या. काका दाराआडून ऐकायचे. पण त्यांना ऐकू यायचा तो फक्त खोकला. दाव्यांच्या कामाने त्यांचा कानच तसा झाला होता. वय अमुक, आजार दमा, कारण धूर. असे कागद त्यांनी इतके बघितले होते की पुढची ओळ त्यांना पाठ होती. त्यांना खरोखर भीती वाटली. म्हातारीला आपल्या घरी काही झालं तर बायकोला तोंड कसं दाखवायचं?

भीती वाटली की काका काय करायचे, ते आता सांगायला नको. ते पायरीवर गेले.

"धोका आहे," डॉक्टर म्हणाले. "छातीचं काम. मी दातांपुरता बोलतो, पण तरी."

"या वयात आपण जबाबदारी घेऊ नये," सेक्रेटरी म्हणाले.

"मुलाकडे पाठवा," मामा म्हणाले. "त्यांच्याकडे बटण आहे."

आयुष्यात पहिल्यांदा पायरीवर एकमत झालं. काकांना हायसं वाटलं. त्यांनी तिथूनच मेहुण्याला फोन केला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी दारात आली. काकूंना हे गाडीचा हॉर्न वाजल्यावर कळलं. त्यांनी काकांकडे एकदाच पाहिलं आणि आईची पिशवी भरायला घेतली. सासूबाईंनी शाल झटकली, लेकीच्या गालावरून हात फिरवला आणि गाडीत जाऊन बसल्या. खिडकीची काच वर गेली. काकू गाडी कोपऱ्यावर वळून गेल्यावरही फाटकातच उभ्या होत्या.

त्या दिवशी ऑफिसातून परतताना काका बसमधून दोन थांबे आधीच उतरले. घरी लवकर पोचायची त्यांना हिंमत नव्हती. चालता चालता समोर लाकडाची वखार दिसली. आत करड्या, तडकलेल्या, वाळून खडखडीत झालेल्या ओंडक्यांच्या राशीच्या राशी. काका तिथे खिळून उभे राहिले. लाकूड विकतही मिळतं, हे गल्लीत कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. घरचं झाड परसात पडलेलं असताना सरपण विकत आणणं, ही कल्पना करायलाही मध्यमवर्गात एक प्रकारची उधळी वृत्ती लागते.

त्यांनी कुणालाही न विचारता हातगाडीभर लाकूड घेतलं. भावसुद्धा केला नाही. गाडीवाल्यामागून चालत घरी आले, शेगडीत चार ओंडके रचले आणि काडी ओढली. एकदम भडका उठला. धूर सरळ वर गेला. थोड्याच वेळात मागची खोली इतकी उबदार झाली की काकांनी स्वेटर काढला. कोपऱ्यात सासूबाईंची कॉट होती, त्यावर घडी न मोडलेली चादर. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या, त्यांनी विस्तवाकडे बघितलं, कॉटकडे बघितलं, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. धूर नव्हता, त्यामुळे ते धुराचं म्हणता येईना.

त्याच वेळी आईचा फोन आला. काकू थोडं बोलल्या आणि त्यांनी फोन काकांच्या हातात दिला.

"जावईबापू, धूर थांबला का हो?" सासूबाईंनी विचारलं.

"थांबला. वाळकं लाकूड आणलं. खोली मस्त तापलीये बघा."

"अगंबाई. मग दोन दिवस थांबला असतात तर?"

"तुमच्या खोकल्याची काळजी वाटली हो. सगळ्यांचं तसंच मत पडलं."

"खोकला मला तुमच्या लग्नाआधीपासून आहे," सासूबाई म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या, त्यामुळेच ते ऐकवत नव्हतं. "इथेही आहेच. इथे ऊब आहे, खोकला आहे, बोलायला कुणी नाही. दोघंही कामावर जातात. मी टीव्ही बघत बसते. तिथे मी किती दिवसांनी पोरीबरोबर हसले हो."

"मग या ना परत. मी उद्याच येतो न्यायला."

"आता कसं? आत्ता सकाळी आणलं त्याने, कामावर रजा टाकून. उद्या निघाले तर सूनबाईला काय वाटेल? आणि पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी, माझं काय खरं आहे." त्या जरा खोकल्या. "मला एकदा विचारलं असतंत तर बरं झालं असतं. मी राहिले असते."

फोन बंद झाला.

"काय म्हणाली?" काकूंनी विचारलं.

काकांनी सांगितलं. त्यातलं काही गाळावं असं त्यांच्या मनात आलं, पण गाळण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"आईला पाठवायचं," काकू शांतपणे म्हणाल्या, "हे तुम्ही कुणाला विचारून ठरवलंत?"

काकांनी तोंड उघडलं. डॉक्टर, सेक्रेटरी, मामा, एकेक नाव जिभेवर आलं आणि तिथेच राहिलं.

"सगळ्यांना," ते म्हणाले.

खोली फार तापली होती. काकूंनी जाऊन खिडकी उघडली आणि त्या बाहेर बघत तिथेच उभ्या राहिल्या.